डोकं असेल तर एक

त्या प्रयोगशाळेत डोकी मोजत. माणसांची नव्हे. माणसांच्या डोक्यांवर तिथे कुणाचा फारसा भरवसा नव्हता. मोजायची ती समुद्राच्या तळाच्या चिखलात राहणाऱ्या किड्यांची डोकी. हे किडे दोऱ्याच्या तुकड्याएवढे, काही तर पापणीच्या केसाएवढे. चार किलोमीटर खालून वर येताना आणि चिखल धुताना ते तुटतात. एका किड्याचे तीन तुकडे झाले म्हणून काही तो तीन किडे होत नाही, म्हणून तिथला नियम साधा होता. तो खिडकीशेजारच्या भिंतीवर, पिवळ्या पडलेल्या कागदावर, ठसठशीत अक्षरात लिहून डकवलेला होता: ‘डोकं असेल तर एक. डोकं नसेल तर शून्य. शेपट्यांचे लाड नाहीत.’

हा नियम जिने एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला, ती बाई अजून त्याच खिडकीपाशी, त्याच सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेली असे. तेव्हा तिथे एक गृहस्थ होते. ते प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचे आणि आपल्या वाट्याचा समुद्र कसा गजबजलेला आहे हे जगाला सांगत फिरायचे. तिने त्यांच्या बाटल्या पुन्हा मोजल्या, आकडे तिपटीने फुगलेले दाखवले आणि दुसऱ्या दिवशी हा कागद भिंतीवर चढला. तेव्हापासून तिला सगळे डोकीबाई म्हणू लागले. तिच्या सहीशिवाय मोजणीचा तक्ता त्या इमारतीतून बाहेर जात नसे.

डोकीबाईला किड्यांची किळस कधीच वाटली नाही. चिखलाचा तो सडक्या अंड्यांसारखा वास, स्पिरिटची बाटली उघडल्यावर नाकात जाणारी झोंबरी वाफ, किडे नीट दिसावेत म्हणून घातलेल्या गुलाबी रंगाने कायमची माखलेली नखं, या सगळ्याशी तिचा जुना घरोबा होता. तिला किळस यायची ती माणसांची. चहात बुडवलेला चमचा तसाच साखरेच्या डब्यात खुपसणाऱ्यांची. समोर ‘वा वा’ करून पाठ वळताच ओठ मुरडणाऱ्यांची. सगळ्यात जास्त, खोटं बोलताना आवाज मऊ करणाऱ्यांची. असा मऊ आवाज कानावर पडला की तिच्या पोटात खरोखरच ढवळायचं. लोक म्हणत, बाई फार तिरसट आहे. बाई होतीच तिरसट.

तर त्या वर्षी एका खाणवाल्या कंपनीला समुद्राचा तळ खणायचा होता. त्या तळावर बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले असतात आणि त्यांत कामाचे धातू असतात. खणण्याआधी तिथे काय जगतंय हे मोजून सरकारी सुनावणीत सांगावं लागतं. मोजणीचं काम या प्रयोगशाळेकडे आलं. जहाज गेलं, दीड महिन्याने परतलं आणि चाळीस बाटल्या डोकीबाईच्या टेबलावर आल्या.

पहिल्या बाटलीत एकही डोकं निघालं नाही. शेपट्या मात्र ढिगाने. दुसऱ्या बाटलीतही तेच. तिसरीत एक डोकं सापडलं, तेही अर्धवट. अशा बाटलीत साठ-सत्तर डोकी तरी निघतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिने चिमटा खाली ठेवला आणि आधी शंका घेतली ती स्वतःच्या डोळ्यांची. पन्नाशी उलटली होती. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, नवा चष्मा करून आणला, पहिल्या तिन्ही बाटल्या पुन्हा मोजल्या. डोकं तेच, एक.

मग तिने हवेला दोष दिला, जहाजाच्या दोराला दिला, स्पिरिटला दिला. धुण्याला मात्र दोष दिला नाही. कारण प्रत्येक बाटलीच्या आत, नियमाप्रमाणे, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिल विरघळत नाही. चिठ्ठीवर बाटलीचा क्रमांक, जागा, तारीख आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात: ‘बारीक जाळीवर, हलक्या धारेने, हाताने धुतले.’ त्याखाली धुणाऱ्याची सही. ते अक्षर तिच्या ओळखीचं होतं. तिनेच ते हाताला धरून गिरवून घेतलं होतं. ती सही तिच्या धाकट्या भावाची होती.

भावाला लहानपणापासून घरात साबण्या म्हणत. हात धुण्याचं त्याला वेड. चेंडू गटाराजवळ गेला तरी खेळ सोडून घरी यायचा आणि नळाखाली अर्धा तास उभा राहायचा. आता चाळिशी ओलांडली, लग्न झालं, केस पिकले, तरी वेड तेच. बहीण जेवायला आली की दारातच विचारायचा, “ताई, हात धुतलेस?” एकदा धुतलेले चालायचे नाहीत, दोनदा धुवायला लावायचा. तिने सोललेलं फळ त्याने उभ्या जन्मात खाल्लं नव्हतं. तिला मात्र तो संत्रं सोलून द्यायचा. फोडीवरचा एकेक पांढरा धागा नखाच्या टोकाने ओढून काढायचा, फोड काचेसारखी नितळ करायचा आणि मग तिच्या तळहातावर ठेवायचा. आई गेल्यावर या दोघांत एवढाच काय तो लाडाचा व्यवहार उरला होता. दोन वर्षं तो बेकार होता तेव्हा जहाजावर नमुने धुणारा म्हणून त्याला लावून घ्यावं असं साहेबांना तिनेच सांगितलं. चिखल धुवायला एवढा स्वच्छ माणूस कुठे मिळणार, असा तिचा हिशेब. हिशेब चुकला तो इथेच.

चाळीस बाटल्यांना चाळीस दिवस लागले. चाळीस बाटल्यांत मिळून डोकी निघाली सात.

चाळिसावी बाटली संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. साबण्याने जेवायला बोलावलं होतं. दारात हात धुण्याचा सोपस्कार झाला. घर असं लख्ख, की पाहुण्याला आपल्या सावलीचाही डाग पडेल अशी भीती वाटावी. बाईचा नवा चष्मा बघून साबण्या हसला. “ताई, किडे दिसेनासे झाले वाटतं?” तीही हसली, पण तिचं डोकं त्या सातांत अडकलं होतं.

जेवताना भावजयीने विचारलं, “ताई, मला एक सांगा, समुद्राचा तळ खणता येतो तरी का? पाणी नाही का आत शिरत?”

“पाणी असतंच. पाण्यातच खणायचं,” डोकीबाई म्हणाली. “आम्ही खणतो ते चिमूटभर. एक पोलादी डबा असतो, बिनबुडाचा, स्टुलाएवढा. तो दोराला बांधून सोडायचा. खाली जायला दीड-दोन तास, वर यायला तेवढेच. तळावर टेकला की स्वतःच्या वजनाने चिखलात रुततो, मग बाजूचं फावडं फिरतं आणि खालून त्याचं तोंड बंद करतं. खरवस कापावा तसा चौकोनी तुकडा वर येतो.”

“आणि ती कंपनी?”

“ते चिमटीने नाही खणत. घराएवढं यंत्र तळावर चालवणार आणि वरचा वीतभर थर गोळ्यांसकट ओढून घेणार. गोळे जहाजात, चिखल परत समुद्रात. जे काही जगतं ते त्या वीतभर थरातच. तो गोळा बोटाच्या पेराएवढा वाढायला लाखो वर्षं घेतो. यंत्र एका दिवसात मैदान साफ करतं.”

“बाई गं,” भावजय म्हणाली. “म्हणजे झाडू मारल्यासारखंच की. आमच्या यांना आवडेल.” आणि हसत हसत तिने फोन काढला. “थांबा, यांची जहाजावरची गंमत दाखवते. यांच्या मित्राने पाठवलीये. घरात चमचा धुतील तर शपथ, आणि तिकडे बघा!”

फोनच्या पडद्यावर जहाजाचं डेक होतं. साबण्या कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर फडका अशा अवतारात उभा होता. समोर जाळी, जाळीवर चिखलाचा ढीग, आणि त्याच्या हातात डेक धुवायचा जाडजूड पाइप. तो हात लांब करून, तोंड फिरवून, गाडी धुवावी तसा त्या चिखलावर पाण्याचा फवारा मारत होता. चिखल उडत होता. मागे कुणीतरी खिदळत होतं. दोन मिनिटांत जाळी स्वच्छ. साबण्याने पाइप टाकला आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवला.

डोकीबाईच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. किड्याचं डोकं म्हणजे त्याचा सगळ्यात बारीक, नाजूक भाग. जोराची धार बसली की ते तुटतं आणि जाळीच्या छिद्रातून पाण्याबरोबर निघून जातं. मागचा जाडा भाग तेवढा जाळीवर राहतो. चाळीस डब्यांतली सगळी डोकी साबण्याने समुद्रात परत पाठवली होती आणि चाळीस वेळा, मोत्यासारख्या अक्षरात, ‘हलक्या धारेने’ असं लिहिलं होतं. आणि ती इकडे चष्मे बदलत बसली होती.

घास तिने कसाबसा गिळला. ती उठून स्वयंपाकघरात गेली तसा साबण्या मागोमाग आला. तिच्या चेहऱ्यावरूनच तो समजला.

“ताई, ऐक ना,” त्याचा आवाज मऊ झाला. तो आवाज ऐकून तिला मळमळलं. “एका डब्याला दोन तास लागतात हाताने. दोन तास! त्या वासात, ते वळवळणारं बोटांना लागतं... पहिल्या दिवशी मी तीनदा ओकलो. मला नाही गं जमलं.”

“मग तसं सांगायचंस. दुसऱ्याने धुतलं असतं.”

“तुझ्या शब्दावर लागलो होतो. काय सांगू, की डोकीबाईचा भाऊ चिखलाला घाबरतो?”

“चिठ्ठीवर हलक्या धारेने लिहिताना ओकारी नाही आली?”

साबण्या ओट्यावरचा न दिसणारा डाग पुसत म्हणाला, “शेवटी किडेच ना ताई? घाण ती घाण. गेली तर कुणाचं काय गेलं?”

त्या दिवशी तिने संत्रं खाल्लं नाही. पोट बिघडलंय म्हणाली. ते काही खोटं नव्हतं.

सोमवारी ती साहेबांकडे गेली. साहेबांना सगळे सारांशसाहेब म्हणत. कारण ते आयुष्यात एकही अहवाल पूर्ण वाचत नसत आणि त्यांच्या हाताखालून एकही अहवाल पूर्ण बाहेर जात नसे. जहाजावर कधी पाऊल ठेवलेलं नाही, पण समुद्रावर तासभर बोलतील. तक्त्याला शेवटी शेऱ्याचा रकाना असे, त्यात मोजणाऱ्याने अडचणी लिहायच्या. साहेब तो रकाना वर पाठवताना कापून टाकत. वर फक्त आकडे जात. “आकडा बोलतो, शेरा बडबडतो,” असं त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं आणि ते आपणच रचलंय याचं त्यांना भारी कौतुक होतं.

खोलीत कंपनीचा माणूसही बसला होता. गुळगुळीत दाढी, अत्तराचा भपकारा. डोकीबाई आत आली तसा त्याने रुमाल नाकाशी नेला. स्पिरिटचा वास त्याला सोसेना आणि त्याच्या अत्तराचा तिला.

“नमुने बाद आहेत,” तिने उभ्याउभ्याच सांगितलं. “चुकीच्या पद्धतीने धुतलेत. जहाज पुन्हा न्यावं लागेल.”

“बसा तर खरं,” साहेब म्हणाले. “डोकी किती निघाली?”

“सात. पण—”

“सात म्हणजे जवळजवळ शून्य. आणि ‘जवळजवळ’ हा शब्द काही सारांशात बसत नाही.” ते स्वतःच्याच विनोदावर हसले. माणूस रुमालाआडून हसला. “म्हणजे तिथे जगतंय असं म्हणण्यासारखं काही नाही.”

“जगतंय म्हणून तर शेपट्या आहेत! बाटल्या भरून शेपट्या आहेत. प्रत्येक शेपटीला एक डोकं होतं.”

“बाई,” आवाज मऊ करून साहेब म्हणाले, “शेपट्यांचे लाड नाहीत, हे कुणी लिहिलंय?”

तिची नजर स्वतःच्या गुलाबी नखांवर गेली.

“नियम तुमचा. अक्षर तुमचं. मी तुम्हाला खोटं लिहायला सांगतोय का? अजिबात नाही. डोकी सात निघाली, सातच लिहा. खरं तेच लिहा आणि सही करा. गुरुवारी सुनावणी आहे.” मग जरा थांबून, टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकत ते म्हणाले, “आता धुण्यात चूक झाली म्हणाल, तर धुणारा कोण हेही निघेल. मला वाटतं ते आपले घरचेच आहेत ना? मला तर वाईटच वाटेल.”

याला म्हणतात केसाने गळा कापणं. एकही शब्द खोटा नाही आणि सगळं मिळून निव्वळ घाण. डोकीबाई बाहेर आली, मोरीत गेली आणि तिने तोंडावर पाण्याचे हबके मारले. तीस वर्षं ती चिखलात हात घालत आली होती, पण आपल्याला काही चिकटलंय असं तिला आज पहिल्यांदा वाटलं. साहेबांची शिसारी आली, त्या अत्तराची आली, भावाची तर आलीच. पण सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीवरच्या त्या कागदाची आली. खोटेपणाला आळा घालायला तिने जो नियम केला, त्याच नियमाचा फडका करून हे लोक अख्खा तळ पुसायला निघाले होते.

आणि तरीही मंगळवारी ती सही करायच्या अगदी जवळ आली होती. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर बाई उगाच देव्हाऱ्यात जाऊन बसेल. कोरा तक्ता पुढ्यात, पेन हातात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. साबण्याची पुन्हा बेकारी, नळाखाली तासन्‌तास उभा राहणारा साबण्या, काळजीने वाळलेली भावजय, सगळं डोळ्यांपुढून गेलं. सात हा आकडा खराच तर आहे, असं तिने मनाशी म्हटलं. मनातल्या मनात म्हणतानाही आपला आवाज मऊ झालाय, हे तिला ऐकू आलं. तिने पेन ठेवून दिलं. रविवारपासून तिच्या पोटात धड अन्न टिकलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी काम सुटल्यावर तिने तेरा नंबरची बाटली, एक काचेची बशी आणि चिमटा पिशवीत घातला. बाटली बाहेर न्यायची नाही हाही तिथला नियम होता. तक्ता घेतला आणि ती थेट साबण्याकडे गेली. भावजय माहेरी गेली होती. साबण्याने दार उघडलं.

“ये. ताई, हात धुतलेस?”

ती तशीच आत गेली. जेवणाच्या टेबलावर पांढरं शुभ्र कापड, मधोमध संत्र्यांचं भांडं. तिने भांडं बाजूला सारलं, बशी ठेवली आणि बाटलीतलं थोडं तीत ओतलं. स्पिरिटचा वास घरभर झाला. साबण्या भिंतीला टेकला.

“हे काय? टेबलावर? ताई, आपण इथे जेवतो!”

“उद्या सुनावणी आहे. मी सही केली की यंत्र खाली जाणार,” ती म्हणाली. “तू घाण गेली म्हणालास. बघ तरी काय गेलं ते.”

बशीत गुलाबी तुकडे तरंगत होते. प्रत्येकाला कडेने केसांच्या बारीक झालरी होत्या. साबण्याने एकदा बघितलं आणि मान फिरवली.

“दोन गोष्टी सांगते, त्यातली एक कर,” डोकीबाई म्हणाली. “उद्या सकाळी माझ्याबरोबर चल आणि पाइपाने धुतलं असं स्वतःच्या तोंडाने सांग. मी तुझ्या बाजूला उभी राहीन. आपण होऊन कबूल करणाऱ्याला कुणी फासावर देत नाही. नाहीतर यातली एक शेपटी उघड्या हातावर घे आणि तिच्याकडे बघून सांग, की ताई, तिथे काही नव्हतं. एवढं केलंस तर मी सात लिहून सही करते. शब्द देते.”

डोकीबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे साबण्याला ठाऊक होतं. आणि साबण्या शेपटीला हात लावणार नाही, हे डोकीबाईला ठाऊक होतं. जहाजावर रबरी हातमोजे असून ज्याला जमलं नाही, त्याला उघड्या तळहातावर काय जमणार? खरं बोलणं त्याला सोपं जाईल. भाऊ शेवटी भाऊच, एवढा तिने त्याच्यावर भरवसा टाकला.

साबण्याच्या कपाळावर घाम आला. मग तो पुढे आला, डोळे मिटले आणि हात पसरला.

“ठेव,” तो म्हणाला.

ती थिजली. “साबण्या—”

“ठेव म्हणतो ना.”

तिने चिमट्याने एक शेपटी उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्याचे ओठ पांढरे पडले. त्याने डोळे उघडले, हातावरच्या त्या गुलाबी धाग्याकडे नीट बघितलं आणि स्पष्ट, मऊ आवाजात म्हणाला, “ताई, तिथे काही नव्हतं. आता सही कर.”

त्याने शेपटी बशीत झटकली आणि तो धावत मोरीत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. धार पूर्ण जोरात.

डोकीबाई खुर्चीत बसून राहिली. लहानपणापासून ती त्याच्या किळशीला हसत आली होती, पण त्या किळशीवर तिचा एक विश्वासही होता. याला घाण सोसत नाही, एवढं तरी खरं, असं तिला वाटायचं. आता कळलं, की सोसते. सोयीची असली की सोसते. किड्यांसाठी नाही सोसली, कामासाठी नाही सोसली, बहिणीच्या इभ्रतीसाठी नाही सोसली. खोटं पचवण्यासाठी मात्र त्याने ती नुसती सोसली नाही, हात पसरून मागून घेतली. तिला इतकी किळस आली, की हसूच आलं.

मोरीत पाणी वाहत होतं. साबणाची वडी खाली पडली, उचलली गेली, पुन्हा पडली.

तिने तक्ता पुढे ओढला. शेऱ्याच्या रकान्यात लिहून उपयोग नव्हता, तो उद्या सकाळी कात्रीखाली जाणार. आकड्याच्या रकान्यात मात्र कात्री चालत नव्हती. तो रकाना गेला तर तक्ताच गेला. तिने बाटली क्रमांक एकच्या पुढे, जिथे आकडा यायचा तिथे, ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘बाद’. दोनपुढे ‘बाद’. तीनपुढे ‘बाद’. नळ चालूच होता. दहा झाले, वीस झाले. साबण्या पुन्हा पहिल्यापासून हात धूत असावा. तीस झाले, चाळीस झाले. बेरजेच्या चौकटीत तिने लिहिलं: ‘जोराच्या धारेने धुतल्यामुळे बेरीज होत नाही. धुणारा माझा भाऊ. त्याला कामाला लावणारी मी.’ आणि खाली सही केली. याचा सारांश काढून दाखव म्हणावं.

शब्द मोडल्याची ओकारी येईल म्हणून ती वाट बघत बसली. ती आली नाही. आली ती भूक. चार दिवसांत पहिल्यांदा सपाटून भूक लागली.

नळ बंद झाला. साबण्या टॉवेलने एकेक बोट पुसत बाहेर आला. हात लालभडक झाले होते. चेहऱ्यावर सुटल्याचं हसू होतं. “झाली सही?”

“झाली.” तिने तक्ता त्याच्याकडे सरकवला.

त्याने वरून खालपर्यंत वाचलं. टॉवेल तसाच हातात राहिला. “तू शब्द दिला होतास.”

“दिला होता. मोडला.”

“मी... मी हातात घेतली होती ताई! तुझ्यासाठी! तुला माहितीये मला काय...”

तिने भांड्यातलं एक संत्रं उचललं, गुलाबी नखांनी त्याची साल फोडली आणि बशीशेजारी, त्या शुभ्र कापडावरच टाकली. रस कापडावर सांडला. मोठी फोड काढली. तिच्यावर पांढरे धागे जिथल्या तिथे होते.

“ताई,” साबण्या सवयीने पुटपुटला, “हात नाही धुतलेस.”

“तू धुतलेस ना,” डोकीबाई म्हणाली आणि धाग्यांसकट अख्खी फोड तोंडात टाकली.